उंटिणीच्या दुधांतील प्रथिनें

उंट हें जनावर आपल्या धानाच्या मुलुखाचें नव्हे. गोंदिया जिल्ह्यांत पाऊस तेराशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो, बांध्यांत महिनोन्‌महिने पाणी उभें असतें, व रानाच्या कडेला गोमाश्यांचा सुळसुळाट असतो. अशा ठिकाणीं उंटाचे पाय चिखलांत घसरतात आणि माश्यांच्या दंशानें पसरणारा सर्रा रोग त्यास ग्रासतो. म्हणून उंट पाळावे असें सुचविण्याचा ह्या लेखाचा मुळींच हेतु नाहीं. तथापि उंटिणीच्या दुधाची नीट ओळख करून घेणें आतां आपणांस अगत्याचें झालें आहे. त्यास कारणें दोन आहेत.

पहिलें कारण असें कीं, कच्छांतील रबारी लोक मेंढ्या, शेळ्या व उंट घेऊन कित्येक वर्षें विदर्भांत येत आले आहेत. पीक निघाल्यावर शेतांत त्यांच्या मेंढ्या बसवून खत करून घेण्याची चाल शेतकऱ्यांस परिचित आहे. जानेवारी २०२२ मध्यें अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासर येथें पोलिसांनीं कच्छकडून आलेले ५८ उंट ताब्यांत घेतले होते, व पुढें न्यायालयाच्या हुकुमानें ते पाळणाऱ्यांस परत मिळाले. त्या वेळीं ह्या लोकांची व त्यांच्या उंटांची चर्चा विदर्भांत पुष्कळ झाली.

दुसरें कारण अधिक निकडीचें आहे. उंटिणीच्या दुधाची भुकटी आतां डब्यांतून घरपोंच मिळते. ज्या घरांत लहान मुलास गाईचें दूध सोसत नाहीं, किंवा कोणी मधुमेहानें पीडित आहे, तेथें ती मोठ्या आशेनें व मोठ्या दामानें घेतली जाते. ‘हें दूध आईच्या दुधासारखें आहे’, ‘ह्यानें रक्तांतील साखर उतरते’, अशीं वाक्यें कानावर येतात. त्यांत खरें किती व फुगविलेलें किती, हें त्या दुधांतील प्रथिनांची घडण समजून घेतल्याखेरीज ठरवितां येत नाहीं. म्हणून तोच विषय येथें घेतला आहे.

दुधाचें पृथक्करण

उंटिणीच्या दुधाचे शंभर भाग घेतले तर सरासरीनें ८८ भाग पाणी, साडेतीन भाग स्निग्धांश, ३.१ भाग प्रथिनें, ४.४ भाग दुग्धशर्करा व पाऊण भागाहून किंचित् अधिक क्षार निघतात. जात, चारा, ऋतु व वेत ह्यांप्रमाणें हे आंकडे खालींवर होतात. पाण्याचा तोटा पडला म्हणजे उंटीण उलट अधिक पातळ दूध देते, हा तिचा एक विशेष आहे. गाईच्या दुधांत प्रथिनें शेंकडा ३.३ च्या सुमारास व म्हशीच्या दुधांत ४ च्या सुमारास असतात.

एवढेच आंकडे पाहिले तर गाय व उंटीण ह्यांच्या प्रथिनांत फारसा फरक दिसत नाहीं. परंतु सातबाऱ्यावर दोन शेतांचें क्षेत्र सारखें लिहिलेलें असलें म्हणून त्यांचें पीक सारखें येत नाहीं. एक एकर कन्हार व एक एकर बरडी ह्यांवर जुन्या बंदोबस्तांत सारा सारखा बसत नसे. क्षेत्राबरोबर जमिनीची प्रतही पाहिली जात असे. प्रथिनांचेंही तसेंच आहे. त्यांचें वजन सारखें असलें तरी त्यांची प्रत निराळी असूं शकते. उंटिणीच्या दुधाचे बहुतेक सर्व गुणदोष ह्या निराळेपणांतून निघतात.

दूध नासविलें म्हणजे प्रथिनांचे दोन वांटे आपोआप वेगळे होतात. जो घट्ट पांढरा भाग फडक्यांत राहतो त्यांतील मुख्य प्रथिन केसीन होय. जें हिरवट पाणी गळतें तिला निवळ म्हणतात, व तिच्यांतही कांहीं प्रथिनें विरघळलेलीं असतात. गाईच्या दुधांत शंभर भाग प्रथिनांपैकीं सुमारें ८० भाग केसीन व २० भाग निवळींतील प्रथिनें असतात. उंटिणीच्या दुधांत केसीन साधारणतः पाऊण हिस्सा व निवळीचा वांटा एक चतुर्थांशाच्या आसपास असतो. येथवर फरक थोडा आहे. मोठा फरक पुढील पोटखात्यांत आहे.

केसिनाचीं पोटखातीं

केसीन हें एकच द्रव्य नसून त्याचे चार मुख्य प्रकार आहेत. गाईच्या केसिनांत पहिलें अल्फा केसीन शेंकडा ३८, दुसरें अल्फा केसीन १०, बीटा केसीन ३६ व कॅपा केसीन १३ ह्या सुमारास असतें. उंटिणीच्या केसिनांत बीटा केसीन एकटेंच शेंकडा ६५ असतें. पहिलें अल्फा २२, दुसरें अल्फा साडेनऊ व कॅपा अवघें साडेतीन.

ह्यांत कॅपा केसिनाकडे विशेष लक्ष द्यावें. दुधांत केसीन मोकळें नसतें. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधाच्या पाण्यांत तरंगत असतात व त्यांमुळेंच दूध पांढरें दिसतें. कॅपा केसीन ह्या कणांच्या पृष्ठभागावर केसांसारखें उभें असतें, पाण्यास धरून राहतें व एक कण दुसऱ्यास चिकटूं देत नाहीं. तें कणांचें कुंपणच म्हणावें. कुंपण थोडें असलें म्हणजे थोडक्या कुंपणांत जास्त क्षेत्र घेण्याकरितां कण मोठा बनतो. गाईच्या दुधांतील कणाची सरासरी जाडी मिलिमीटराच्या दहा लाख भागांपैकीं सुमारें १५० भाग, तर उंटिणीच्या दुधांतील कणाची सुमारें ३८० भाग आढळली आहे.

हाच हिशेब लिटरमागें मांडून पाहूं. गाईच्या एक लिटर दुधांत सुमारें २६ ग्रॅम केसीन असतें, त्यांत कॅपा सुमारें ३.४ ग्रॅम. उंटिणीच्या एक लिटर दुधांत सुमारें २३ ग्रॅम केसीन असतें, त्यांत कॅपा सुमारें ०.८ ग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधांतल्याच्या चौथाईच्या जवळपास.

निवळींतील प्रथिनें

गाईच्या दुधाच्या निवळींत जीं प्रथिनें असतात त्यांपैकीं निम्मीं किंवा त्याहून थोडीं अधिक बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नांवाचीं असतात. एक लिटरमागें हें प्रथिन सुमारें तीन ग्रॅम भरतें. म्हशीच्या, शेळीच्या व मेंढीच्या दुधांतही तें असतें. उंटिणीच्या दुधांत तें नाहीं. मानवी मातेच्या दुधांतही तें नाहीं. उंटिणीच्या निवळींत प्रमुख स्थान अल्फा लॅक्टाल्ब्युमिनास आहे, व त्याखेरीज लोह धरून ठेवणारें लॅक्टोफेरिन आणि रोगजंतूंस प्रतिकार करणारीं कांहीं प्रथिनें असतात.

तात्पर्य, दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: कॅपा केसीन थोडें, व बीटा लॅक्टोग्लोब्युलिन मुळींच नाहीं. आतां ह्या दोहोंचे परिणाम पाहूं.

दहीं घट्ट कां लागत नाहीं

आपल्या घरीं दहीं लावावयाचें तर दूध आधीं चांगलें तापवितात. कच्च्या दुधाचें दहीं तितकें घट्ट होत नाहीं, हें प्रत्येक घरच्या बाईस ठाऊक असतें. त्याचें कारण असें कीं, दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे निवळींतील बीटा लॅक्टोग्लोब्युलिनाची घडी उलगडते व तें केसीनकणांवरील कॅपास जाऊन जखडतें. पुढें विरजणाच्या आंबटपणानें कण एकत्र येतात तेव्हां ह्या जोडांमुळें दह्याची वीण घट्ट बसते व पाणी आंत धरलें जातें. उंटिणीच्या दुधांत जोडणारें प्रथिन नाहीं व ज्यास जोडावयाचें तेंही थोडें. म्हणून तें दूध कितीही आटोकाट तापविलें तरी आपल्यासारखें कवडीदार दहीं लागत नाहीं. पातळ, आंबट, ओतण्याजोगा पदार्थ होतो. कझाकस्तानांतील शुबात व सोमालियांतील सुसाक हीं उंटिणीच्या दुधाचीं आंबट पेयें अशींच पातळ असतात, व तेथील लोक तीं आवडीनें पितात. ज्या दुधाचा जो धर्म, त्यास जुळेल असा पदार्थ लोकांनीं शोधून काढिला आहे.

चीजची गोष्टही अशीच आहे. वासराच्या पोटांतील पाचक रस कॅपा केसिनास एका ठराविक जागीं कापतो; कुंपण पडतें आणि कण एकत्र येऊन दूध गोठतें. उंटिणीच्या कॅपा केसिनाची कापण्याची जागा निराळी आहे, त्यामुळें वासराचा रस त्यावर नीट चालत नाहीं. मॉरिटानिया देशांत १९८७ मध्यें सुरू झालेल्या तिविस्की डेअरीनें उंटिणीच्या दुधाचें मऊ चीज तयार करून दाखविलें, पण त्यासाठीं पुष्कळ खटपट करावी लागली. पुढें उंटाच्या पिलाच्या पोटांतील पाचक द्रव्य बुरशीच्या साहाय्यानें कारखान्यांत बनविण्याची युक्ति निघाली. नवल असें कीं, तें द्रव्य गाईच्या दुधावरही वासराच्या द्रव्याहून सरस ठरलें, व आज गाईच्या चीजकरितांही तें वापरलें जातें.

साईचाही संबंध प्रथिनांशीं आहे. गाईच्या दुधांत स्निग्ध कणांस एकत्र गोळा करणारें एक प्रथिन असतें. उंटिणीच्या दुधांत त्याचा अभाव असून स्निग्ध कणही बारीक असतात. म्हणून तें दूध ठेवलें तरी साय लवकर वर येत नाहीं. अतिउष्णतेसही हें दूध कमी टिकतें. साध्या उकळीस तें फाटत नाहीं. परंतु १३० अंशांच्या वर तापविल्यास थोड्याच मिनिटांत त्यांतील प्रथिनांचा सांका होतो. गाईचें दूध त्याच तापमानास बराच वेळ दम धरतें. ह्यामुळें उंटिणीचें दूध महिनोन्‌महिने टिकेल असें करणें कारखानदारांस कठीण जातें.

ज्या मुलांस गाईचें दूध सोसत नाहीं

येथें प्रथम एक भेद करावा. दूध न सोसण्याचे प्रकार दोन आहेत. एकांत दुग्धशर्करा पचत नाहीं; पोट फुगतें व हगवण लागते. उंटिणीच्या दुधांत दुग्धशर्करा गाईच्या दुधाइतकीच असते, म्हणून ह्या प्रकारांत दूध बदलून मोठा लाभ होईल असें गृहीत धरूं नये.

दुसरा प्रकार प्रथिनांच्या वावड्याचा. अशा मुलाच्या अंगावर गांधी उठतात, ओकारी होते, क्वचित् श्वास कोंडतो व जिवावर बेततें. हें वावडें बहुधा केसिनाचें किंवा बीटा लॅक्टोग्लोब्युलिनाचें असतें. खेड्यांत अशा वेळीं शेळीचें किंवा म्हशीचें दूध द्यावें असें सांगतात. पण तीं प्रथिनें गाईच्या प्रथिनांशीं इतकीं मिळतीजुळतीं असतात कीं, बहुतेक मुलांस तींही बाधतात. गाय देशी असली तरी तिच्या दुधांत बीटा लॅक्टोग्लोब्युलिन असतेंच. तेवढ्यानें वावडें टळत नाहीं. उंटिणीच्या दुधांत हें प्रथिन नसल्यामुळें, व तिचें केसीनही गाईच्या केसिनाहून पुष्कळ भिन्न असल्यामुळें, अशा मुलांपैकीं बऱ्याच जणांस तें सोसतें असें परीक्षणांत दिसून आलें आहे. उंटिणीच्या दुधाची खरी थोरवी काय ती येथें आहे. तथापि सर्वांस सोसतें असें नाहीं. म्हणून पहिला घोट डॉक्टरांच्या देखरेखीखालींच द्यावा. घरीं प्रयोग करूं नये.

‘आईच्या दुधासारखें’ ह्या वाक्याचाही निवाडा आतां करतां येतो. बीटा लॅक्टोग्लोब्युलिन नसणें व बीटा केसीन अधिक असणें ह्या दोन बाबतींत साम्य खरें आहे. परंतु आईच्या दुधांत प्रथिनें शेंकडा एकच्या सुमारास असतात, उंटिणीच्या दुधांत त्याच्या तिप्पट, व क्षारही कितीतरी अधिक. तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडांवर तो भार पडतो. म्हणून पहिले सहा महिने मुलास आईचें दूधच द्यावें. तें अपुरें पडत असल्यास काय द्यावें तें डॉक्टरांनीं सांगावें, डब्यावरील जाहिरातीनें नव्हे.

मधुमेहाविषयीं

राजस्थानांतील बिकानेर येथें ह्या विषयाचा अभ्यास झाला आहे. ज्यांस इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें अशा रोग्यांस औषधाबरोबर रोज अर्धा लिटर उंटिणीचें दूध दिलें असतां कांहींची इन्शुलिनची गरज कमी झाल्याचें तेथील डॉक्टरांनीं नोंदविलें. हें दूध पोटांत घट्ट गोठत नसल्यामुळें त्यांतील इन्शुलिनासारखीं प्रथिनें न पचतां आंत जात असावीं, असा एक तर्क आहे. तो अजून सिद्ध झालेला नाहीं. शिवाय त्या परीक्षणांतील रोग्यांची संख्या थोडी होती, आणि मात्रा कमीजास्त करण्याचें काम वैद्यकीय देखरेखीखालीं चाललें होतें.

ह्यावरून दूध हें इन्शुलिनची जागा घेतें असा अर्थ काढणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. ज्या रोग्याच्या शरीरांत इन्शुलिन तयारच होत नाहीं त्यानें तें बंद केलें तर कांहीं दिवसांतच प्राण संकटांत येतो. दूध आवडीनें प्यावें, पण औषध सोडूं नये, व दुधांतील शर्कराही दिवसाच्या आहारांत मोजावी.

कच्च्या दुधाविषयीं

रबारी पाहुण्यांनीं प्रेमानें दिलेलें दूध नाकारूं नये, पण तें उकळून घ्यावें. गाईम्हशींत गर्भपात घडवून आणणारा ब्रुसेला रोग उंटांतही असतो व कच्च्या दुधावाटे माणसास होतो. त्यांत ताप महिनोन्‌महिने येत जात राहतो. उकळल्यानें अल्फा लॅक्टाल्ब्युमिन वगैरे प्रथिनांची घडी थोडी मोडते, लॅक्टोफेरिनचा गुण उणावतो. परंतु प्रथिनांचें पोषणमूल्य जात नाहीं. कच्चें दूधच गुणकारी, हा समज धोक्याचा आहे.

किंमत व शुद्धता

हें दूध महाग कां, हेंही समजून घ्यावें. उंटीण सुमारें तेरा महिने गाभण राहते व साधारणतः दोन वर्षांनीं एकदां विते. देशांतील उंटांची संख्या २०१२ च्या पशुगणनेंत चार लाख होती, ती २०१९ च्या गणनेंत अडीच लाखांवर आली. राजस्थानांतील राईका लोक तर पूर्वीं हें दूध विकणेंच निषिद्ध मानीत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१६ मध्यें ह्या दुधाचीं मानकें ठरविलीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें अमूलनें कच्छांतील सरहद डेअरीनें गोळा केलेलें उंटिणीचें दूध गुजरातेंत बाटलींतून विक्रीस काढलें. त्या वेळीं अर्ध्या लिटरची किंमत ५० रुपये होती. बिकानेरच्या राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्रांत ह्या दुधाची कुल्फी व आइसक्रीमही बनवितात. ह्यामुळें उंट पाळणाऱ्यांस चार पैसे मिळून जनावर राखण्याची उमेद येते, हें चांगलेंच आहे.

पण जेथें किंमत जबर तेथें भेसळीचा मोह आलाच. गाईचें दूध किंवा भुकटी मिसळली तर नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, व वावडें असलेल्या मुलास तीच भेसळ प्राणघातक ठरूं शकते. प्रयोगशाळेंत ही भेसळ ओळखण्याची एक रीत मोठी सोपी आहे: बीटा लॅक्टोग्लोब्युलिन सांपडलें कीं दुसरें दूध मिसळलें आहे. जें प्रथिन नसणें हा ह्या दुधाचा गुण, तेंच सांपडणें ही लबाडीची खूण. घरीं दूध तापवून विरजण लावावें. दहीं म्हशीच्या दह्यासारखें घट्ट लागलें तर संशय घ्यावा. मात्र तो पुरावा समजूं नये. दहीं पातळ लागलें म्हणजे दूध शुद्धच आहे, असेंही ठरत नाहीं. आजारी मुलाकरितां घ्यावयाचें तर परवाना क्रमांक, घटकांची यादी व तयार केल्याची तारीख पाहून, पावती घेऊनच घ्यावें.

सारांश, निरोगी माणसास प्रथिनांकरितां उंटिणीचें दूध मुद्दाम विकत आणण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. तीन ग्रॅम प्रथिन गाईच्या शंभर ग्रॅम दुधांतही मिळतें, म्हशीच्या दुधांत त्याहून अधिक मिळतें, आणि आपल्या घरचें दूध दहीं, ताक, लोणी व खवा ह्या सर्वांस उपयोगी पडतें. ज्या मुलास गाईच्या प्रथिनांचें वावडें आहे त्याच्याकरितां मात्र वैद्याच्या सल्ल्यानें घेतलेलें शुद्ध उंटिणीचें दूध हें मोलाचें आहे, व तेथें दोन पैसे जास्त गेले तरी ते वायां जात नाहींत. मधुमेह्यानें तें अन्न म्हणून घ्यावें, औषध म्हणून नव्हे. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं हा डबा येत असेल त्यांनीं तो कोणाकरितां येतो हें एकदां पाहून घ्यावें, आणि इन्शुलिनची एकही मात्रा त्याच्या भरंवशावर चुकूं देऊं नये.